जामीन कोण राहणार?

आर्थर रोड कारागृहाबाहेर एक पेटी आहे. न्यायालयातून निघालेले सुटकेचे आदेश तीत टाकायचे. ठरलेल्या वेळी कर्मचारी ती उघडतात, कागद पडताळतात आणि मग आत नाव पुकारले जाते. संध्याकाळची शेवटची वेळ हुकली की जामीन मिळूनही आणखी एक रात्र आत. वकील, त्यांचे कारकून आणि कैद्यांचे नातेवाईक सोडले तर या पेटीची कोणाला खबरही नव्हती. २९ ऑक्टोबर २०२१ ला ती देशभर गाजली. अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झालेला शाहरुख खानचा मुलगा आर्यन याला उच्च न्यायालयाने आदल्या दिवशी जामीन दिला होता. अभिनेत्री जुही चावला जामीनदार म्हणून स्वतः न्यायालयात आली. तरी कागद पेटीपर्यंत वेळेत पोचला नाही आणि सुटका दुसऱ्या दिवसावर गेली. (पुढे मे २०२२ मध्ये त्याला पकडणाऱ्या अमली पदार्थ नियंत्रण विभागानेच, म्हणजे एनसीबीने, पुराव्याअभावी आरोपपत्रातून त्याला वगळले.) वाहिन्यांनी ती पेटी सगळ्या बाजूंनी दाखवली. एकविसाव्या शतकात जामिनाचा कागद हातानेच का न्यावा लागतो, याची चर्चा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०२२ मध्ये आदेश इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्याची सोयही सुरू झाली.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट मात्र कोणी विचारली नाही. जामीन मंजूर होऊन आठवडे उलटले तरी बराकीतच बसलेली माणसे त्या तुरुंगात किती होती? त्यांचा कागद पेटीशी नव्हे, न्यायालयातच अडला होता. पंधरा-वीस हजारांचा जामीनदार आणायला त्यांना कोणी नव्हते. सगळ्यांना जुही चावला कुठून मिळणार!

मुंबईतले एक प्राध्यापक आणि त्यांचे सहकारी तीन दशकांहून अधिक काळ याच माणसांच्या मागे आहेत. डॉ. विजय राघवन हे टाटा समाजविज्ञान संस्थेच्या गुन्हेशास्त्र व न्याय केंद्रात शिकवतात आणि ‘प्रयास’ या प्रकल्पाचे संचालक म्हणून ओळखले जातात. १९९० मध्ये याच संस्थेतल्या प्राध्यापक डॉ. सनोबर साहनी यांच्या पुढाकाराने आर्थर रोडमध्ये प्रयासची सुरुवात झाली. कल्पना साधी होती. समाजकार्याचे शिक्षण घेतलेली माणसे तुरुंगात नेमून बसवायची, त्यांनी आतल्यांशी बोलायचे आणि मग बाहेर येऊन त्या बोलण्याचा पाठपुरावा करायचा.

साधी म्हटली, पण तोवर आपल्याकडे कैद्याच्या पुनर्वसनाची चर्चा बहुतेक वेळा त्याच्या मनापासून सुरू व्हायची, आणि अजूनही होते. रक्षाबंधनाला राख्या, आषाढीला भजन, अधूनमधून योगशिबिर, दिवाळीत कैद्यांनी बनवलेल्या वस्तूंचे प्रदर्शन. यातल्या कशालाच माझी हरकत नाही. कारागृहातल्या सुतारशाळेतले फर्निचर तर बाजारातल्यापेक्षा दणकट असते. पण या सगळ्यामागे एक गृहीतक आहे, की माणूस बिघडला म्हणून आत आला आणि सुधारला की बाहेर नीट वागेल. प्रयासच्या कामातून दिसते ते वेगळे. आत आलेल्या बहुसंख्यांची अडचण कागदांची, पत्त्याची आणि ओळखीची असते. मनाचे नंतर बघता येते.

समाजकार्याच्या शिक्षणसंस्थेने तुरुंगात शिरण्याला मुंबईत एक पूर्वपीठिका आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांच्या हालांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले आणि तुरुंगात जाऊन त्या स्त्रियांशी बोलून अहवाल द्यायला सांगितले. हे काम कोणा पोलीस अधिकाऱ्याकडे किंवा वकिलाकडे न देता निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांकडे दिले. फेब्रुवारी १९८३ च्या त्या निकालात न्या. भगवती यांनी त्या अहवालाच्या आधारे स्त्रियांच्या कोठडीबद्दल आणि कायदेशीर मदतीबद्दल निर्देश दिले. तुरुंगात काय चालले आहे हे समजून घ्यायला समाजकार्यकर्ता लागतो, याची ती सर्वोच्च पातळीवरची कबुली होती.

टाटा संस्थेचे ठिकाणही या कामाला साजेसे. १९३६ मध्ये नागपाड्यात सुरू झालेली ही संस्था १९५४ मध्ये देवनारला आली. फाटकाबाहेर पडून एका बाजूला गेले की गोवंडी-शिवाजीनगरच्या वस्त्या, पुढे मानखुर्दची बालगृहे, मागे चेंबूरचे भिक्षेकरीगृह. मुंबईच्या तुरुंगांत माणसे जिथून येतात, त्यातला बराच भाग प्राध्यापकांच्या खिडकीतून दिसतो म्हणा ना. या संस्थेत ‘फील्ड ॲक्शन प्रोजेक्ट’ नावाची जुनी पद्धत आहे. प्राध्यापकाने वर्गात शिकवायचे, शोधनिबंध लिहायचे आणि त्याच विषयातले एखादे काम रस्त्यावर उभे करून चालवून दाखवायचे. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात १९८४ मध्ये सुरू झालेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष याच पद्धतीचा. १९९६ ची १०९८ क्रमांकाची चाइल्डलाइन याच पद्धतीची. रस्त्यावरच्या बेघरांसाठीचा ‘कोशिश’ही. प्रयास या घरातले मधले भावंड.

आत गेल्यावर हे लोक करतात काय, ते जवळून पाहण्यासारखे आहे.

माणूस अटकेत येतो तेव्हा त्याचा मोबाइल जप्त होतो आणि मोबाइलबरोबर त्याचे सगळे जग जाते. बायकोचा नंबर पाठ असतो असे नाही. हल्ली कोणालाच कोणाचा नंबर पाठ नसतो. बिहारमधून किंवा मराठवाड्यातून आलेला पोरगा नाक्यावर काम करतो, पाच-सहा जणांत भाड्याच्या खोलीत राहतो आणि कुठल्याशा चोरीच्या गुन्ह्यात धरला जातो. गावी कळवायचे कोणी? समाजकार्यकर्ती विचारते, ‘घरचा नंबर आठवतो का?’ नाही. ‘पत्ता?’ पत्ता म्हणून तो जे सांगतो ते पोस्टमनच्या कामाचे नसते. स्टेशनच्या पूर्वेला उतरायचे, पूल संपला की भंगारवाल्यांची रांग, तिच्या मागे मशीद, मशिदीच्या गल्लीत रेशनचे दुकान, दुकानदाराला विचारायचे. ती हे सगळे वहीत उतरवून घेते आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी तिचा सहकारी ते वाचत त्या गल्लीत जातो. दुकानदार आधी संशयाने बघतो. मग एखाद्या म्हाताऱ्या मावशीपर्यंत पोचवतो. पोरगा आठ दिवस घरी का आला नाही, हे तिला तेव्हा कळते.

हे झाले पहिले पाऊल. वकील हे दुसरे. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, पण त्याला कागदपत्रे कोणी नेऊन द्यायची, तारीख कोणी सांगायची, अर्ज टाकला का हे कोणी विचारायचे? तुरुंगातल्या माणसाला तारीख कळते ती बहुधा ‘पुढची तारीख पडली’ एवढीच. गार्ड नाही म्हणून न्यायालयात नेले नाही, असेही घडते. हल्ली पडद्यावरच हजेरी लागते आणि पडद्यावर वकिलाशी खासगीत बोलता येत नाही.

आणि तिसरे, सगळ्यांत चिवट, ते जामीनदाराचे. न्यायालय म्हणते, पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. ऐकायला किरकोळ. जामीनदाराने द्यायचे काय? आधार कार्ड, पॅन कार्ड, रेशन कार्ड, राहत्या जागेचा पुरावा, नोकरी असेल तर पगाराची पावती आणि मालकाचे पत्र, नसेल तर घरपट्टी किंवा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. बरे, जामीनदार स्थानिक हवा असा आग्रह. साताऱ्याचा भाऊ, आझमगडचा चुलता चालत नाही. ज्याच्याकडे हे सगळे कागद आहेत, असा माणूस झोपडपट्टीतल्या अटक झालेल्या पोराच्या ओळखीत सहसा नसतोच. असला तरी पोलीस पडताळणीला घरी येतील या धास्तीने मागे हटतो. मालक तर आधीच कानावर हात ठेवून बसलेला. मग न्यायालयाच्या आवारात दुसरी सोय उपलब्ध असते: पैसे घेऊन जामीन राहणारे भाडोत्री जामीनदार. त्यातली काही रेशन कार्डे इतक्या वेळा वापरलेली असतात की पुढे कधीतरी पकडली जातात, आणि मग बाहेर आलेला पोरगा पुन्हा आत.

प्रयासची माणसे या कोंडीत जे करतात ते कायद्याच्या पुस्तकात एका ओळीत मावते. न्यायालयाला सांगायचे, की रोख जामिनावर काही आठवड्यांपुरते सोडा, दरम्यान जामीनदार आणतो. किंवा रक्कम कमी करा. किंवा फक्त जातमुचलक्यावर सोडा, हा माणूस पळून जाणार नाही, त्याचे घर आम्ही पाहिले आहे. हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे. न्यायाधीशासमोर आरोपी म्हणजे एक नाव आणि एक कलम असते. त्याचे घर पाहून आलेला माणूस समोर उभा राहिला की त्या नावामागे मावशी दिसते, रेशनचे दुकान दिसते. आणि आदेश निघाल्यावरही काम संपत नाही. आदेशात वडिलांचे नाव वेगळे पडले, आडनावाचे स्पेलिंग बदलले, गुन्हा क्रमांकाचा एक आकडा चुकला, की कागद उलटपावली न्यायालयात.

गरिबाच्या जामिनाचे हे दुखणे नवीन नाही. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आले. त्याला जामीन मिळाला होता, पण दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला नाकारले. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याची एक हजाराच्या स्वतःच्या मुचलक्यावर सुटका केली आणि दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार नाकारण्याच्या वृत्तीला चांगलेच फैलावर घेतले. पुढच्याच वर्षी बिहारच्या हुसैनारा खातून प्रकरणात, ज्या गुन्ह्याला जेवढी शिक्षा होऊ शकते त्याहून जास्त काळ खटल्याविना आत काढलेली माणसे देशाने पाहिली. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे दोन्ही निकाल पाठ असतात. कनिष्ठ न्यायालयांच्या छापील आदेशांत मात्र ‘स्थानिक जामीनदार’ हे शब्द पुढची कित्येक दशके तसेच राहिले.

थोडे आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि जागा ४,३६,२६६ जणांची. यांतले ४,३४,३०२, म्हणजे शंभरात पंचाहत्तरहून जास्त, कच्चे कैदी. ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. शिक्षा भोगणारे पक्के कैदी दीड लाखाहूनही कमी.

अमेरिकेतले गुन्हेशास्त्रज्ञ कैद्यांच्या समाजात परतण्याचा अभ्यास करतात तेव्हा त्यांच्यासमोर मुख्यतः शिक्षा भोगून आलेला माणूस असतो. जोन पीटरसिलिया, जेरेमी ट्रॅव्हिस या अभ्यासकांनी शतकाच्या वळणावर तिथल्या सरकारला विचारायला लावले, की दरवर्षी लाखो माणसे सुटून येतात त्यांचे पुढे काय? त्यातून २००८ चा ‘सेकंड चान्स ॲक्ट’ आला. नोकरीच्या अर्जावरचा ‘तुम्हाला शिक्षा झाली आहे का’ हा रकाना काढून टाका, अशी चळवळही उभी राहिली. आपल्याकडचा परतणारा माणूस वेगळा. तो अनेकदा निर्दोषही ठरलेला नसतो आणि दोषीही ठरलेला नसतो. त्याची शिक्षा कोणी मोजलेली नसते, त्यामुळे ती संपल्याचेही कोणी सांगत नाही. राघवन यांचे लिखाण या फरकाभोवती फिरत आले आहे. कच्च्या कैद्यांच्या लांबणाऱ्या वाट पाहण्यावर त्यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लिहिले. त्याआधी, २०१३ मध्ये, त्याच नियतकालिकात रोशनी नायर यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या तुरुंगांमधल्या मुस्लिमांच्या लोकसंख्येपेक्षा जास्त प्रमाणाबद्दल लिहिले. राज्यातल्या तुरुंगांत प्रत्यक्ष मुलाखती घेऊन केलेल्या त्या पाहणीतून असे दिसले, की बहुसंख्यांचा संघटित टोळ्यांशी संबंध नव्हता. हिंदी सिनेमाने दाखवलेल्या आर्थर रोडशी हे चित्र जुळत नाही, हे सांगायला नकोच.

बायकांचे आणखी निराळे. पुरुष आत गेला तर घरातली बाई डबा, कपडे, पैसे घेऊन मुलाखतीच्या रांगेत उभी राहते. बाई आत गेली तर पुष्कळदा रांगेत कोणीच नसते. नवऱ्याने नाव टाकलेले, माहेरच्यांनी दार लावलेले. भायखळ्याच्या महिला कारागृहात समाजकार्यकर्तीला पहिल्यांदा विचारले जाते ते स्वतःच्या खटल्याबद्दल नाही. ‘ताई, माझी पोरं कुठायत बघता का?’ सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार सहा वर्षांखालचे मूल आईबरोबर राहू शकते. त्याहून मोठी मुले बाहेर. शेजारणीकडे, मामाकडे, बालगृहात, कधी स्टेशनवर. अटकेच्या घाईत त्यांची नोंद करणे हे कोणाचेच ठरलेले काम नसते. ती शोधायची, बालकल्याण समितीसमोर न्यायची, शाळेत नाव टिकवायचे, आणि जमले तर आईची नि त्यांची भेट घडवायची. महाराष्ट्राच्या कारागृह विभागाने ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम सुरू केला, त्यात मुलांना जाळीआडून न बघता आईवडिलांना प्रत्यक्ष बिलगता येते. सरकारी योजनेला इतके नेमके नाव क्वचितच लाभते. पण गळाभेटीला मूल आणायला आधी ते सापडावे लागते.

मग माणूस सुटतो. आर्थर रोडच्या फाटकातून संध्याकाळी बाहेर पडणाऱ्यांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते. तीत दोन कपडे, न्यायालयाचे कागद, झिजलेला टूथब्रश. समोर कस्तुरबा रुग्णालय, एका अंगाला सात रस्ता, दुसरीकडे चिंचपोकळी स्टेशन. रस्त्याचे अधिकृत नाव साने गुरुजी मार्ग. ज्यांनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली त्यांचेच नाव तुरुंगाच्या दारातल्या रस्त्याला मिळाले, हा महापालिकेला सुचलेला योगायोग की विचारपूर्वक केलेली गोष्ट, कोण जाणे.

बाहेर येऊन पहिली गरज कामाची, आणि काम मागायला गेले की चारित्र्य पडताळणीचा दाखला. पूर्वी हा दाखला पासपोर्टवाल्यांना लागायचा. आता सुरक्षारक्षकाला लागतो, ॲपवरून टॅक्सी चालवणाऱ्याला लागतो, मोठ्या सोसायटीत घरकाम करणाऱ्या बाईलाही लागतो. खटला चालू असेल तर नोंद निघते. निर्दोष सुटला तरी ती आपोआप पुसली जात नाही. निकालाची प्रत घेऊन ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. शहरातले हलके काम जसजसे कंपन्यांच्या आणि ॲपच्या हाती गेले, तसतसा हा कागद खालच्या थरापर्यंत उतरत गेला. नाक्यावर उभे राहून मिळणारे काम कोणी कागद विचारून देत नसे. या बदलाबद्दल आपण फार कमी बोलतो.

प्रयासने यावर काढलेली तोड मला त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत कल्पक वाटते. सुटून आलेल्या तरुणाला किंवा बाईला थेट नोकरी न शोधता आधी एखाद्या सामाजिक संस्थेत काही महिने प्रशिक्षणार्थी म्हणून ठेवायचे. थोडे विद्यावेतन, वेळेवर येण्याची सवय, चार नव्या माणसांशी बोलणे, आणि शेवटी हातात अनुभवाचे पत्र. या संस्था कैद्यांसाठी काम करणाऱ्याच असतात असे नाही. तिथल्या लोकांना माहीत असते की हा कुठून आला आहे, आणि तरी त्याच्याशी नीट वागायचे असते. म्हणजे प्रशिक्षण दोन्हीकडचे. समाजाने कैद्याला स्वीकारावे असे व्यासपीठावरून सांगणारे पुष्कळ. इथे एका कार्यालयात एका टेबलाची जागा करून द्यावी लागते, किल्ल्या कोणाकडे ठेवायच्या हे ठरवावे लागते, एखादी वस्तू हरवली तर पहिली नजर कोणाकडे जाते हे स्वतःशी कबूल करावे लागते.

शहर निदान माणसाला हरवू देते. गावात तीही सोय नाही. जन्मठेपेचा कैदी वर्षानुवर्षांनी गावी परततो तोवर सातबाऱ्यावर नावे बदललेली असतात, भावकीत वाटण्या झालेल्या असतात, मुलीचे लग्न त्याच्याविना उरकलेले असते. आणि ज्याच्या घरातला माणूस मारला गेला ते घरही त्याच गल्लीत. संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल, यांची व्यवस्था खरे तर या परतण्याची रंगीत तालीम. १९५९ चे त्याचे नियम आहेत. पण रजेच्या अर्जावर गावच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात आणि त्यात ‘शांतता भंग होण्याची शक्यता’ हा शेरा लिहायला फारसे काही लागत नाही. हवालदार गावात येतो, पोलीस पाटलाला विचारतो, विरुद्ध घराकडून नकार येतो, शेरा पडतो. दोन्ही घरांशी आधी बोलून ठेवणारा कोणी असेल तर तोच अहवाल वेगळा येऊ शकतो. अमरावतीची ‘वऱ्हाड’ ही संस्था विदर्भात कैद्यांच्या कुटुंबांबरोबर काम करते.

काहींना मात्र परतायला मुळात ‘आत’ आणि ‘बाहेर’ असा फरकच नसतो. पारध्यांचे घ्या. १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ मध्ये मुक्त झाल्या, त्यांना डांबून ठेवणाऱ्या सोलापूरच्या सेटलमेंटची काटेरी तार निघाली. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे मागे राहिले आणि ठाण्याच्या वहीतली नावे राहिली. तालुक्यात घरफोडी झाली की पालावर गाडी येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतली जातवार कामाची वाटणी रद्द केली आणि विमुक्त जमातींना सराईत समजून वेगळे वागवणारे कारागृहांतले नियमही घटनाबाह्य ठरवले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ याच्याशेजारी ठेवून वाचावे. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचे, ही त्यातली चांगली तरतूद; जन्मठेप आणि फाशीचे गुन्हे अर्थात सोडून. पण एकाहून जास्त खटले चालू असतील तर हा लाभ नाही. ज्याच्यावर सवयीने दोन-तीन गुन्हे लावून ठेवलेले असतात त्या पारधी पोराला या कलमाचा उपयोग किती, ते उघड आहे.

कैद्याला समाजात ठेवून बघण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत प्रसिद्ध प्रयोग आपण सिनेमातून ओळखतो. १९३० च्या दशकाच्या अखेरीस औंध संस्थानात, पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या सूचनेवरून, आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची मुक्त वसाहत वसवली गेली. नाव स्वतंत्रपूर. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी त्याला मान्यता दिली. त्याच मुलखातले ग. दि. माडगूळकर, त्यांच्या कथेवर व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. चित्रपट उत्तम आहे, बर्लिनला गाजला. पण त्यात सहा खुनी सुधारतात ते जेलरच्या डोळ्यांच्या धाकाने आणि प्रेमाने. खऱ्या स्वतंत्रपुरात कैद्याला बायकामुलांसह राहायला आणि जमीन कसायला मिळाले, हा भाग पडद्यावर आला नाही. आला असता तर कदाचित तुरुंगसुधारणा म्हणजे चांगला जेलर, हे समीकरण आपल्या डोक्यात एवढे घट्ट बसले नसते. स्वतंत्रपूर अजून आहे. तिथे राहणाऱ्यांची संख्या मात्र राज्यातल्या एका मोठ्या बराकीतही मावेल एवढीच.

अलीकडे काही चांगले घडलेही आहे. राज्य सहकारी बँकेने मे २०२२ मध्ये येरवड्याच्या कैद्यांसाठी ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना काढली. कैद्याच्या तुरुंगातल्या मजुरीच्या भरवशावर पन्नास हजारांपर्यंत, सात टक्क्यांनी. मुलांची फी, घरचे आजारपण, वकिलाचा खर्च यांसाठी. आत बसलेला बाप घरी पैसे पाठवू शकतो, याने घरात त्याची जागा टिकते. केंद्राने २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी निधी ठेवला: जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत, दंड भरायला पंचवीस हजारांपर्यंत. पैसे आहेत, पण ते मिळवायला जिल्हा समितीकडे प्रकरण मांडायचे असते आणि प्रकरण मांडायला त्या कैद्याची घरची स्थिती कोणीतरी पाहून आलेले असावे लागते.

३१ जानेवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश तर प्रयासच्या कामाची जणू नियमावलीच. जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. सचिवांनी माणूस पाठवून त्या कैद्याशी बोलायचे, परिविक्षा अधिकारी किंवा विधी स्वयंसेवकाच्या मदतीने त्याचा सामाजिक-आर्थिक अहवाल बनवून न्यायालयापुढे ठेवायचा. महिनाभरात जामीनदार आलाच नाही तर न्यायालयाने आपणहून अटी सैल करण्याचा विचार करायचा. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे विलंबाचे एक कारण आहे, तेव्हा ती अट घालू नये. मोतीरामनंतर पंचेचाळीस वर्षांनी.

आता हा अहवाल बनवणार कोण? परिविक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागाकडे, जिल्ह्याला मोजके, आणि त्यांच्या टेबलावर बालन्यायाची प्रकरणे आधीच साचलेली. विधी स्वयंसेवक मानधनावर, दिवसाच्या हिशेबाने. राज्यातल्या काही कारागृहांत प्रयासने विधी सेवा प्राधिकरण आणि टाटा ट्रस्ट यांच्या साथीने वकील आणि समाजकार्यकर्ते नेमले, पण ती नेमणूक प्रकल्पाची, म्हणजे निधीच्या मुदतीची. प्रकल्पावरच्या नोकरीचे काय होते ते जून २०२४ मध्ये देवनारला सगळ्यांनी पाहिले. ट्रस्टचा निधी वेळेत आला नाही म्हणून टाटा संस्थेने शंभरावर कंत्राटी प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांना कमी केल्याच्या नोटिसा दिल्या आणि निधीचे आश्वासन मिळाल्यावर दोन-तीन दिवसांत त्या मागे घेतल्या. ज्याला स्वतःला पुढच्या मार्चनंतर पगार मिळेल की नाही ठाऊक नाही, त्याने बराकीतल्या माणसाला पुढचे सांगायचे.

प्राध्यापकाने उभ्या केलेल्या प्रकल्पाची खरी परीक्षा इथे आहे, आणि माझ्या मते ती प्राध्यापकाची उरलेली नाही. १९८४ च्या विशेष कक्षाला राज्य सरकारने २००५ मध्ये आपलेसे केले. आज जिल्ह्याजिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांत तो आहे. चाइल्डलाइन देशभर गेली. प्रयासला पस्तीस वर्षे झाली तरी कारागृहातला समाजकार्यकर्ता हे शासनाच्या आकृतिबंधात नियमित पद झालेले नाही. एक अडचण अशी की हे काम कोणा एका खात्यात बसत नाही. तुरुंग गृहखात्याचा, मोफत वकील विधी सेवा प्राधिकरणाचा, परिविक्षा अधिकारी आणि कैद्याची मुले महिला व बालविकासची, रेशन कार्ड पुरवठा खात्याचे. पदनिर्मितीचा प्रस्ताव आधी कोणत्या खात्याने पाठवायचा आणि पगाराचे लेखाशीर्ष कोणाचे असावे, हे मंत्रालयात ठरायचे आहे.